पॉल केरेस वर्ल्ड चॅम्पियन नव्हता, मग त्याचे डाव कशाला बघायचे? पोरांना काय सांगू?

वडगावचा_पट

नमस्कार मंडळी. वडगावात रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी पोरांना बुद्धिबळ शिकवतो, फी वगैरे काही नाही, पाचवी ते नववीची पोरं येतात, निम्मी मराठी निम्मी कन्नड, हत्तीला कोण हत्ती म्हणतं कोण आने म्हणतं, दोन्ही चालतं. २०२४ ला गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हापासून गर्दी वाढलीय आणि नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला वर्ल्ड कप मारल्यावर मुली पण यायला लागल्यात, बरं वाटतं बघून.

तर गेल्या रविवारी एस्टोनियाच्या पॉल केरेसचं एक हत्ती-प्याद्याचं एंडिंग, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, मांडलं. सातवीतला एक पोरगा, हुशार आहे, म्हणाला सर हा कुठल्या साली चॅम्पियन होता? म्हटलं कधीच नाही. तर म्हणतो "मग चॅम्पियन झालेल्यांचेच डाव बघूया की सर, टाइम कशाला घालवायचा". आणि बाकीची सगळी त्याच्याच बाजूनं.

मला राग नाही आला, पोरं सरळ विचारतात ते चांगलंच आहे. पण केरेस माझा सगळ्यात आवडता खेळाडू आहे हो, त्याच्या डावात सोंगट्या कशा मोकळ्या फिरतात, कुठं ओढाताण नाही. मला पोरांना "हरला तरी थोर" असलं सांत्वन सांगायचं नाहीय. त्याचा खेळच त्या तोडीचा होता हे त्यांना पटावर दिसलं पाहिजे. तो का झाला नाही हे सोप्या भाषेत कसं सांगाल? १९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत बोटविनिकशी मुद्दाम हरला म्हणतात त्याचं काय सांगायचं? आणि सुरुवात कुठल्या डावानं करू?

निपाणी_घोडा

सर, सुरुवात त्याच्या लहानपणापासून करा, पोरांना लगेच जवळचा वाटेल. १९१६ चा जन्म, नार्व्हाचा, पण वाढला पार्नू म्हणून एस्टोनियातल्या छोट्या गावात. गावात तोलामोलाचं खेळायला कोण नाही, मग पठ्ठ्या पोस्टानं खेळायला लागला, एका वेळी दीडशे डाव पोस्टानं चालू असायचे म्हणतात. पुस्तकं मिळायची नाहीत म्हणून जवळजवळ हजार डाव हातानं वहीत उतरवून काढलेले. आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये सगळं फुकट आहे, त्यांना हे ऐकू दे.

मग १९३८ ची आव्रो स्पर्धा, हॉलंडमधली. त्या वेळचे जगातले पहिले आठ बोलावलेले: अलेखाइन (तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन), कापाब्लांका, यूवे, बोटविनिक, फाइन, रेशेव्स्की, फ्लोर आणि हा २२ वर्षांचा केरेस. दर थोड्या दिवसांनी वेगळ्या गावात डाव, सामान घेऊन फिरायचं, मोठी माणसं वैतागून गेली. केरेस १४ डावांत एकही हरला नाही, तीन जिंकले, अकरा बरोबरी, साडेआठ गुण. फाइनचे पण साडेआठ पण आपसातल्या दोन डावांत केरेस सरस म्हणून पहिला केरेस. अलेखाइनशी आता हाच खेळणार असं सगळे धरून चालले होते. १९३९ ला ब्युनोस आयर्सच्या ऑलिंपियाडला एस्टोनिया तिसरा आला, जेमतेम अकरा लाख वस्तीचा देश, पहिल्या पटावर केरेस, आणि ती स्पर्धा चालू असतानाच महायुद्ध पेटलं. संपलं सगळं तिथंच. तेवीस वर्षांचा होता, ऐन भरात.

का झाला नाही याचं निम्मं उत्तर इथंच आहे बघा. त्या काळी चॅम्पियनशी मॅच ठरवायची म्हणजे पैसे जमवा, अटी घाला, चॅम्पियनची मर्जी सांभाळा. आजच्यासारखी कॅन्डिडेट्स, म्हणजे चॅम्पियनशी कोण खेळणार हे ठरवणारी स्पर्धा, वगैरे पद्धत नव्हती, ती युद्धानंतर आली.

खानापूर_रोड

१९४८ बद्दल मी लिहितो, कारण यावर लोक ऐकीव गोष्टी लई सांगतात.

आधी मधली वर्षं. १९४० ला एस्टोनिया सोव्हिएतनं गिळला, १९४१ ला जर्मन आले, १९४४ ला परत सोव्हिएत. माणूस त्याच घरात आणि चार वर्षांत तीन वेळा सरकार बदललं. आपल्याकडं १९५६ ला राज्याची रेघ सरकली त्याचं आपण अजून बोलतो, आपल्याकडं एका रात्रीत देश गेला नव्हता, त्यामुळं तुलना करत नाही, पण आपल्या भागातल्या पोराला हे चटकन कळेल एवढं नक्की. जर्मनांच्या ताब्यात असताना केरेस त्यांच्या स्पर्धांत खेळला, साल्झबर्ग, म्युनिक. खेळाडू खेळणार नाही तर काय करणार. पण सोव्हिएत परत आल्यावर तेच अंगावर आलं. संशय, चौकशी. १९४६ च्या ग्रोनिंगनच्या मोठ्या स्पर्धेत तो नाही. घरात बायको, दोन लहान मुलं. मग १९४७ ला तोच माणूस सोव्हिएत चॅम्पियनशिप जिंकतो, म्हणजे खेळ कुठं गेला नव्हता.

१९४८. अलेखाइन १९४६ लाच वारला होता, गादी रिकामी. हेग आणि मॉस्कोत पाच जणांची स्पर्धा, प्रत्येकाशी पाच डाव. बोटविनिक १४, स्मिस्लोव्ह ११, केरेस आणि रेशेव्स्की साडेदहा, यूवे ४. केरेस बोटविनिकशी पहिले चारही डाव हरला आणि पाचवा जिंकला, तेव्हा बोटविनिकचं विजेतेपद पक्कं झालेलं होतं. संशयाचं मूळ हे. पोरांना फळ्यावर गणित घालून दाखवा: त्या चारातले दोन जरी केरेसनं जिंकले असते तर बोटविनिक १२ आणि केरेस साडेबारा. अख्खं जगज्जेतेपद त्या दोघांच्या पाच डावांत होतं.

पण सर, "त्याला हरायला लावलं" असं ठाम सांगू नका. तसा आदेश दिल्याचा पक्का कागद कुणी समोर ठेवलेला नाही. बोटविनिकची तयारी त्या वर्षी जबरदस्त होती, तो बाकी सगळ्यांनाही पुरून उरला. माझं मत विचाराल तर कुणी तोंडानं सांगायची गरजच नव्हती, मानेवर संशयाची सुरी घेऊन बसलेला माणूस मॉस्कोत सोव्हिएतच्या लाडक्या खेळाडूसमोर मोकळ्या मनानं खेळणारच कसा. हे पण मतच आहे, मत म्हणूनच सांगा.

कॅम्प_६४

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण मी थोडं वेगळं बोलणार. चॅम्पियन न झालेल्यांत पहिला नंबर माझ्या मते कोर्चनॉयचा. लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचलेलं पोर, चार वेळा सोव्हिएत चॅम्पियन, १९७६ ला ॲम्स्टरडॅमला स्पर्धा संपल्यावर परत गेलाच नाही, बायको-मुलगा तिकडंच अडकले. १९७८ ला फिलिपिन्समधल्या बागियोला तेव्हाचा चॅम्पियन कारपोव्हशी मॅच, सहा विजय आधी घेईल तो चॅम्पियन. ५-२ नं मागं होता, म्हणजे कारपोव्हला एकच हवा, आणि हा ४७ वर्षांचा माणूस चार डावांत तीन जिंकून ५-५ करतो!! बत्तिसावा डाव हरला आणि गेलं. केरेस गादीसाठीच्या मॅचपर्यंत पोचलाच नाही, कोर्चनॉय दोनदा पोचला. आणि पुढं २०११ ला जिब्राल्टरला कारुआनाला हरवलं, कारुआना १८ चा, हा ऐंशीला टेकलेला. पोरांना लढाऊपणा शिकवायचा तर हा दाखवा.

आणि केरेसबद्दल एक गोष्ट कोणच बोलत नाहीय. १९६२ ची क्युरासावची कॅन्डिडेट्स स्पर्धा. पेट्रोशियन, केरेस, गेलर तिघांनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, बरेचसे पटापट. फिशरनं त्यावर जाहीर आरोप केले आणि पुढं फिडेनं (जागतिक बुद्धिबळ संघटनेनं) ती पद्धतच बदलून नॉकआउट मॅच आणल्या. मग इथं केरेस बिचारा कसा म्हणायचा?

खानापूर_रोड

@कॅम्प_६४ क्युरासावचा मुद्दा बरोबर आहे, लपवू नये, पोरांनाही सांगावा. पण त्याचा फायदा कुणाला झाला ते बघा की. पेट्रोशियन साडेसतरा, केरेस आणि गेलर सतरा. केरेस ४६ वर्षांचा, अर्धा गुण कमी. आणि तो अर्धा गुण कुठं गेला तर शेवटून दुसऱ्या फेरीत बेन्कोकडून हरला, ज्याला त्याच स्पर्धेत आधी तीनदा हरवलं होतं. कडक उन्हाची ती लांबलचक स्पर्धा, आपसात विश्रांती घेतली तरी म्हातारा घोडा दमायचा तो दमलाच.

कोर्चनॉय मोठाच, त्यावर वाद नाही. पण केरेसचं सातत्य बघा: कॅन्डिडेट्सला १९५३ ला दुसऱ्या जागेवर तिघांत एक, मग १९५६ दुसरा, १९५९ दुसरा, १९६२ दुसरा. १९५९ ला ताल पहिला आला ना, तर त्याच स्पर्धेत तालशी झालेल्या चार डावांत केरेस ३-१! ताल म्हणजे तेव्हा वादळ होतं, फिशरला चारही डावांत चितपट केलेलं त्यानं. केरेस तालला हरवायचा आणि ताल बाकीच्यांना केरेसपेक्षा जास्त हरवायचा, असा तो प्रकार.

मराठा_गल्ली_ताई

मी खेळाडू नाही, माझा मुलगा खेळतो, त्याला सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना घेऊन जाते तेवढाच संबंध. पण माझा भाचा टॅलिनला, एस्टोनियाच्या राजधानीत, नोकरीला आहे, त्यानं मागच्या दिवाळीला येताना तिकडच्या जुन्या चलनाची पाच क्रूनची नोट आणलेली, नाणी-नोटा विकणाऱ्याकडून घेतलेली कारण २०११ पासून तिकडं युरो आहे. त्या नोटेवर हा केरेस आहे! एका बाजूला त्याचा चेहरा, कोट-टाय, नीट भांग पाडलेला शांत माणूस. उलटवली की नार्व्हा नदी आणि नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन किल्ले, अलीकडचा एस्टोनियाचा, पलीकडचा रशियाचा. भाचा म्हणाला मावशी तिथं सीमा आहे, आणि हा माणूस त्याच गावात जन्मला. मी ती नोट किती वेळ हातात धरून बसले होते.

भाचा सांगत होता की तिकडं केरेस माहीत नाही असं माणूस मिळत नाही. २००० साली लोकांनी त्याला शतकातला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणून निवडलं, २०१६ ला जन्मशताब्दीला दोन युरोचं नाणं काढलं. १९७५ ला व्हँकुव्हरची स्पर्धा जिंकून घरी येताना हेलसिंकीत हार्ट अटॅकनं गेला, ५९ व्या वर्षी. अंत्ययात्रेला लाखावर लोक आले होते म्हणतात, देशाची वस्तीच चौदा लाखांच्या आसपास होती तेव्हा. त्या पोराला सांगा सर, ज्याच्या देशानं नोटेवर राजा नाही, पुढारी नाही, बुद्धिबळपटू छापला त्याचे डाव बघायला टाइम काढावाच लागतो. नोट हवी असेल तर रविवारी पाठवून देते, फक्त पोरांना हात धुऊन धरायला सांगा.

निपाणी_घोडा

ताई वा! हे माहीतच नव्हतं.

सर, आता डावाचं. पहिला डाव केरेस विरुद्ध विंटर, वॉर्सा ऑलिंपियाड १९३५. केरेस १९ वर्षांचा, १९ चालींत डाव खलास. काळा प्यादी खात खात पार बी२ पर्यंत पोचतो, पोरं म्हणणार पांढरा हरला, इथं थांबवा आणि विचारा कोण पुढं आहे. सगळी काळा म्हणतील. मग राजा दाखवा, काळ्याचा राजा मधेच उभा आहे, कॅसलिंग (राजा कोपऱ्यात सुरक्षित नेणं) राहिलंय. १३ व्या चालीला घोडा एफ७ वर, राजानं घोडा मारायचा, वजिराचा एच५ वरून शह, प्यादं आडवं घातलं की उंट जी६ वर, प्याद्यानं उंट घेतला की वजीर कोपऱ्यातला हत्ती खातो. पुढं हत्ती पण देऊन टाकतो उंटासाठी आणि वजिराच्या शहावर काळा डाव सोडतो. चाल लगेच दाखवू नका, प्रत्येक वेळी दोन मिनिटं विचार करू द्या.

दुसरा डाव केरेस हरला तो मुद्दाम दाखवा. झुरिच १९५३, स्मिस्लोव्हविरुद्ध. केरेसला गाठायचं होतं म्हणून बरोबरीवर समाधान न मानता दोन्ही हत्ती एच पट्टीवर आणले आणि एक हत्ती सरळ प्याद्याच्या तोंडी सोडला. स्मिस्लोव्ह लई वेळ विचार करत बसला आणि हत्ती घेतलाच नाही, मधल्या प्याद्यानं बाजूचं प्यादं मारलं, तेच मारणारं प्यादं मग पुढं ढकललं आणि हल्ला कोसळला. त्या स्पर्धेत स्मिस्लोव्ह पहिला आला, केरेस दोन गुणांनी मागं. हा डाव बघितला की कळतं की वरच्या पातळीवर फरक केवढासा असतो, आणि दुसरा येणारा कसा घाबरत नव्हता. तिसरा, १९५६ ला मॉस्कोत अलेखाइन स्मृती स्पर्धेत शेवटच्या फेरीत बोटविनिकला हरवलेला.

कॅम्प_६४

विंटरचा डाव आत्ता लावून बघितला. मानलं. तरी कोर्चनॉयचा एक रविवार ठेवा सर, मी येतो शिकवायला, बागियोचा एकतिसावा डाव घेतो, हत्तीचं एंडिंग आहे, पोरांना उपयोगी.

वडगावचा_पट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय असं: या रविवारी विंटरचा डाव, नावं न सांगता, आधी पोरांना चाली शोधू देणार. डाव संपला की फळ्यावर केरेसनं हरवलेल्या चॅम्पियनांची नावं लिहिणार: कापाब्लांका, अलेखाइन, यूवे, बोटविनिक, स्मिस्लोव्ह, ताल, पेट्रोशियन, स्पास्की, फिशर. नऊ जण. सातवीतल्या त्या पोराला सांगणार की यातला कुठलाही चॅम्पियन निवड, पुढच्या रविवारी केरेसनं त्याला हरवलेला डाव तूच पटावर मांडून सगळ्यांना समजावून सांगायचा.

१९४८ चं गणित मोठ्या पोरांसाठी ठेवतो, क्युरासावसकट सगळं सांगणार. ताई, नोट जरूर पाठवा, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून पाठवा म्हणजे काळजी नाही. @कॅम्प_६४ महिन्याच्या शेवटच्या रविवारी या, नऊ वाजता, चहा खालच्या हॉटेलातून वर येतो. फक्त घड्याळं कमी पडतात आमच्याकडं, कुणाकडं जुनं चालू स्थितीतलं चेस क्लॉक पडून असेल तर कळवा.