मराठी जाहिरातीच्या मथळ्यांसाठी कोणती ऑनलाइन साधने खरोखर उपयोगी पडतात?

कलमबाग (प्रश्न)

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. एप्रिल-मेच्या हंगामात आम्ही दलालाकडे माल न देता पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतो. आतापर्यंतची विक्री ओळखीपाळखीवर चालली. यंदा मात्र गूगल, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रीतसर जाहिरात करायचे ठरवले आहे आणि मजकूर घरीच लिहायचा आहे.

मथळ्याला शंभरपैकी गुण देणारी काही संकेतस्थळे पाहिली. मराठी ओळ टाकली की कितीही शब्द बदलले तरी गुण जवळपास तेवढेच राहतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे मथळे मागितले, तर "आंब्याच्या स्वर्गीय दुनियेत हरवून जा" अशा ओळी येतात. त्या व्याकरणात बसतात, पण आमच्याकडे वर्षानुवर्षे पेटी घेणाऱ्या माणसाला त्या परक्या वाटतील. मराठीत लिहिणाऱ्या लहान उत्पादकाने नेमकी कोणती साधने वापरावीत आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

मथळेकार

गुण देणाऱ्या साधनांबद्दल आधी लिहितो, कारण बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. कोशेड्यूलच्या हेडलाइन अ‍ॅनालायझरसारखी साधने मथळ्यातील शब्दांची नेहमीचे, कमी वापरातले, भावनिक आणि जोरकस अशी वर्गवारी करतात आणि त्यांचे प्रमाण, मथळ्याची लांबी वगैरे पाहून गुण ठरवतात. ही वर्गवारी इंग्रजी शब्दांच्या याद्यांवर उभी आहे. मराठीत तर हापूस, हापूसचा, हापूससाठी अशी एकाच शब्दाची अनेक रूपे होतात आणि ती त्या याद्यांत नसतातच. तेव्हा तुमच्या मथळ्याला कमी गुण मिळाले याचा अर्थ तो वाईट आहे असा नाही, आणि जास्त मिळाले म्हणून हुरळून जाण्याचेही कारण नाही. मराठीसाठी ही साधने बाजूला ठेवा.

त्याऐवजी गूगल ट्रेंड्स उघडा. ते विनामूल्य आहे, त्यात प्रदेश म्हणून महाराष्ट्र निवडता येतो आणि एका वेळी पाच शोधशब्दांची तुलना करता येते. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात दाखवलेले असतात, हे लक्षात ठेवूनच तो आलेख वाचावा. "देवगड हापूस", "रत्नागिरी हापूस", "हापूस आंबा भाव" हे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे टाकून पाहा, कारण मराठी माणूस बोलतो मराठीत, पण शोधताना अनेकदा रोमन लिपीत टंकतो. शोध वाढायला कधी सुरुवात होते, हे मागच्या काही वर्षांच्या आलेखावरून कळते आणि जाहिरात कोणत्या आठवड्यात सुरू करायची याचा निर्णय त्यावरून घेता येतो. तुमचे स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर गूगल सर्च कन्सोल त्याहून मोलाचे आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले, पान किती वेळा दिसले आणि किती वेळा उघडले गेले, याची मागील १६ महिन्यांची माहिती तिथे मिळते. पान पुष्कळदा दिसते आणि क्वचितच उघडले जाते असे आढळले, तर सर्वांत आधी मथळा तपासावा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. चॅटजीपीटी मराठी लिहिते. गूगलच्या जेमिनीचे अ‍ॅप भारतात जून २०२४ मध्ये आले तेव्हापासून मराठीतही आहे. यांच्याकडे नुसता "हापूससाठी आकर्षक मथळा" मागितला, तर ती कोणत्याही फळाला चिकटवता येईल अशी ओळ देणार, कारण तुमच्या बागेबद्दल त्यांना काहीच ठाऊक नसते. फळ झाडावरून कसे उतरवता, अढी (पिकण्यासाठी फळांची रचण) गवतात घालता का, पेटीत किती डझन, फळाचे वजन साधारण किती, पुण्यात पेटी किती दिवसांत पोचते, हे सगळे आधी लिहून द्या. स्वर्ग, राजेशाही, अविस्मरणीय असले शब्द नकोत हेही बजावून सांगा. मग वीस मथळे मागा आणि त्यातला एखादा हाताने दुरुस्त करून घ्या. माझ्या मते या साधनांचा खरा उपयोग एकच ओळ निरनिराळ्या लांबीत बसवून घेण्यासाठी होतो. मूळ मुद्दा तुम्हीच द्यायला हवा, आणि तो बहुधा ग्राहकाच्या मनातल्या धास्तीत सापडतो. हापूस घेणाऱ्याला सर्वांत मोठी भीती साक्याची असते. बाहेरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखे निघाले, तर पुढच्या वर्षी तो माणूस फिरकत नाही. "साका निघाल्यास फळ बदलून मिळेल" ही ओळ कोणतेही साधन आपणहून सुचवणार नाही, आणि तुम्ही ते वचन पाळू शकत असाल तर याहून चांगला मथळा मला तरी सुचत नाही.

चाचणीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ब्रॉडकास्ट याद्या (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) करा, जुन्या ग्राहकांची त्यांत सरमिसळ वाटणी करा आणि त्याच दिवशी, त्याच वेळी दोन वेगळ्या पहिल्या ओळी पाठवा. ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, एवढे ध्यानात असू द्या. किती जणांनी उलट विचारणा केली, याचीच नोंद ठेवा. किती जणांनी वाचले यावरून विक्रीचा अंदाज येत नाही.

लघुसंदेश

वरील उत्तराला जागेच्या हिशेबाची जोड देतो. गूगलच्या शोध-जाहिरातीत एका मथळ्याला ३० वर्णांची मर्यादा असते. असे १५ पर्यंत मथळे आणि ९० वर्णांची ४ वर्णने देता येतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्ह हे सगळे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जाते. "नैसर्गिक" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण त्याला आठ जागा लागतात. वर सुचवलेली साक्याची ओळ मी मोजली. ती रिकाम्या जागा धरून २९ भरते, म्हणजे गूगलच्या मर्यादेत जेमतेम बसते. साधनाकडून मजकूर घेतलात तरी मोजणी मात्र स्वतः करा, कारण ही साधने वर्ण मोजताना बऱ्याचदा चुकतात.

एसएमएस पाठवणार असाल तर आणखी काटकसर हवी. इंग्रजी संदेशाला १६० वर्ण मिळतात, देवनागरीला ७०. त्याहून लांब मजकूर तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यात ६७ वर्ण मावतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी मथळा बदलता येत नाही. हंगामापूर्वीच दोन-तीन साचे मंजूर करून ठेवावेत.

ग्राहकहित

एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. ही साधने न विचारता दावे जोडतात. "१००% सेंद्रिय", "जीआय मानांकित", "देशातला सर्वोत्तम" असे शब्द ती सहज लिहून जातात, आणि जाहिरात तुमच्या नावाने जात असल्यामुळे जबाबदारी तुमच्यावर येते. हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाले आणि त्यात सिंधुदुर्ग आहेच. पण आपल्या पेटीवर ते मानांकन मिरवण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. सेंद्रिय म्हणून बाजारात विकायचे तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पद्धत) यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण हवे. लहान उत्पादकाच्या थेट विक्रीला नियमांत सवलत आहे, परंतु तिच्या अटी वाचल्याशिवाय तो शब्द मथळ्यात घालू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदीच आहे, त्यामुळे "कार्बाइडमुक्त" एवढेच लिहिण्यापेक्षा तुम्ही फळ कसे पिकवता ते लिहिणे अधिक प्रामाणिक आणि अधिक पटणारे ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "फक्त आजच" असे लिहून तोच भाव महिनाभर ठेवणे हेदेखील ग्राहकाला फसवणेच आहे, मग ती ओळ कोणीही लिहिलेली असो.

कलमबाग

सर्वांचे मनापासून आभार. सेंद्रिय हा शब्द काढून टाकला आहे, कारण आमच्याकडे प्रमाणपत्र नाही. साक्याबद्दल फळ बदलून देण्याची आमची पद्धत पूर्वीपासून आहे, मात्र ती जाहिरातीत लिहावी असे कधी मनात आले नव्हते. सध्या या ओळी तयार आहेत: "देवगड हापूस थेट बागेतून" आणि "साका निघाल्यास फळ बदलून मिळेल". व्हॉट्सअ‍ॅपसाठी थोडी मोठी: "अढीतला देवगड हापूस, ५ डझनांची पेटी पुण्यात घरपोच". यांपैकी पहिली कोणती ठेवावी?

मथळेकार

गूगलच्या शोध-जाहिरातीत क्रमाची चिंता करू नका. तिथे दिलेल्या मथळ्यांपैकी एका वेळी तीनपर्यंत मथळे यंत्रणाच निवडून दाखवते, म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी पुरी वाटली पाहिजे. तुमच्या दोन्ही ओळी तशा आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र आलेल्या संदेशांच्या यादीत पहिलीच ओळ दिसते. जुने ग्राहक तुम्हाला आणि तुमच्या गावाला ओळखतात, त्यांना पेटी, डझन आणि घरपोच हे आधी सांगा. फेसबुकवरून येणाऱ्या नव्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसते, त्याच्यासाठी साक्याची ओळ वर ठेवा आणि त्याखाली फळ बदलून घेण्यासाठी किती दिवसांत, कोणत्या क्रमांकावर छायाचित्र पाठवायचे ते स्पष्ट लिहा.