सणाची सुट्टी आणि घरातला पसारा

बी ४०२: नमस्कार सोसायटीतली मंडळी. शाळा आणि पाळणाघर दोन्ही बंद, सण तोंडावर. घरात एक अडीच वर्षांचा, एक पाच वर्षांची. टीव्हीसमोर बसवण्यापेक्षा सणाशी जोडलेलं काहीतरी हातात द्यावं म्हणतेय. व्हिडिओत बघितलं, पाण्यात फुगणारे रंगीत मणी टबभर ओततात आणि त्यात चांदण्या लपवून मुलांना शोधायला लावतात. दिसतं तर फारच छान. कोणी केलंय का?

सी २०३: ताई, ते मणी आणूच नका. मी मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून सांगते. कोरडे असताना ते मोहरीएवढे, एखादा घरंगळून कपाटाखाली गेला तर आपल्याला दिसतही नाही. मुलाने गिळला की पोटात गेल्यावर फुगतो आणि आतड्यात अडकतो. वर एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे उलट्या कशाने होताहेत हे कळायलाच वेळ जातो. पाच वर्षांची ऐकेल कदाचित, पण अडीच वर्षांच्याचं सगळं अजून तोंडातच जात असणार.

बी ४०२: बाप रे. मग रद्द. चांदण्या कशात लपवू?

ए १०१ (बालवाडीच्या बाई): कागदात! रंगीत कागद, जुनी मासिकं, भेटवस्तूंची वेष्टनं, सगळं मुलांनाच फाडायला बसव. लपवण्याआधी निम्मा खेळ तिथेच होतो. कागद फाडताना दोन्ही हात एकमेकांच्या उलट दिशेला ओढावे लागतात, अडीच वर्षांच्या मुलाला ते काम सोपं नसतं. फाडलेला ढीग खोक्यात भर, त्यात पुठ्ठ्याच्या मोठ्या चांदण्या टाक. रंगवलेले तांदूळही चालतात. पिशवीत तांदूळ, चमचाभर व्हिनेगर आणि खाण्याचा रंग घालून हलवायचं, मग कागदावर पसरून वाळवायचं. व्हिनेगरमुळे रंग सगळीकडे सारखा बसतो.

बी १०२ (आजी): तांदूळ पायाखाली येणार ना पण. आम्हाला नाही बघवत.

ए ३०३: आजी, डबाबंद ठेवले तर वर्षभर तेच वापरता येतात.

बी १०२ (आजी): ठेव की. पण तुझ्या घरात.

ए १०१ (बालवाडीच्या बाई): आजींचं मला पटतं. ज्या घरात ते खटकतं तिथे कागद, कापडाच्या चिंध्या, लोकरीचे तुकडे आहेतच. मुलाला हाताला वेगवेगळं लागल्याशी मतलब, ते तांदूळच हवेत असं काही नाही.

ए ३०३: बाई, आमच्या साडेतीन वर्षांच्याकडून आकाशकंदील करून घ्यायचा विचार आहे. सामान आणलंय.

ए १०१ (बालवाडीच्या बाई): करून कोण घेणार? 🙂 राग मानू नकोस. दर सुट्टीत हेच बघते. पालक कापतात, पालक चिकटवतात, मूल बाजूला उभं, आणि फोटोच्या वेळी त्याच्या हातात वस्तू देतात. साडेतीन वर्षांच्याला कंदिलाशी काय घेणं? त्याला खळीत बोट बुडवायचंय, ते बोट दुसऱ्या बोटाला चिकटवून ओढून बघायचंय. ते करू दे. खळ लावलेला मोठा कागद दे, त्यावर त्याला हवं ते टाकू दे, वाळल्यावर तोच कागद तू तुझ्या कंदिलाला गुंडाळ. सजावट आपली, लडबड त्याची.

ए ३०३: हे जमेल. फक्त त्याला चिकट काही आवडत नाही. बोटाला रंग लागला की रडारड.

ए १०१ (बालवाडीच्या बाई): मग त्याचा हात धरून रंगात घालू नकोस, एवढं पाळ. अशी मुलं वर्गात नेहमी असतात. एक होता, ओल्या मातीच्या परातीपासून हातभर लांब बसायचा. एक बोट टेकवायचा आणि लगेच चड्डीला पुसायचा. त्याला चमचा दिला. आधी चमच्याच्या टोकाने माती ढकलली, मग चमचा हळूहळू खाली धरायला लागला, शेवटी मूठच मातीला टेकली, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. तुझ्याकडे झिपची पिशवी असेल तर त्यात दोन रंगांचे मोठे थेंब टाक, हवा काढून बंद कर, चारही बाजूंनी चिकटपट्टीने खिडकीच्या काचेवर लाव. बाहेरून दाबून रंग मिसळतो, हात कोरडा. पुसायला ओलं फडकं त्याच्या शेजारीच ठेव. फडकं हाताशी आहे म्हटल्यावर धीर येतो.

सी २०३: बाईंना दुजोरा. जीन आयर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) स्पर्श, तोल, हालचाल हे सगळं मेंदू कसं जुळवतो यावर आयुष्यभर काम केलं. स्पर्शाचा असा त्रास होणारी मुलं हट्टी नसतात, त्यांना तो स्पर्श खरोखर जास्त जाणवतो. कपडे, आंघोळ, जेवण, सगळ्यातच अडचण येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बी ४०२: आणि पाच वर्षांचीला काय देऊ? तिला ‘खरं काहीतरी’ बनवायचं असतं.

ए १०१ (बालवाडीच्या बाई): तिला मिठाची कणीक. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, अंदाजे १ वाटी पाणी, पण पाणी थोडं थोडं घाल. घट्ट मळ, लाटून झाकणांनी गोल कापू दे. वाळायच्या आधी वर भोक पाड, मग दोरा ओवून माळ होते. जाड ठेवलंस तर आत ओलं राहतं आणि तडे जातात, म्हणून पातळ. वाऱ्यावर दोन-तीन दिवस, मधून मधून उलटायचं.

सी २०३: अडीच वर्षांच्याने ती कणीक खाऊ नये म्हणून शेजारी बसा. मीठ फार असतं, गोळाभर पोटात गेलं तर बाधू शकतं. कच्चं पीठही पोटाला बरं नाही. आणि माळेत दिव्यांची लडी गुंफणार असाल तर तिचा बॅटरीचा डबा बघा, स्क्रूने बंद होणारा हवा. गाणी वाजणाऱ्या शुभेच्छापत्रातही तीच नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून भाजतं. त्या वेळी ‘शौचातून पडेल’ म्हणत थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

डी ५०१: छोट्या वस्तू किती छोट्या म्हणजे नकोत? मणी, बटणं वगैरे.

सी २०३: टिश्यूच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्या. त्यातून आरपार जाईल ते तीन वर्षांच्या आतल्यांना नको. फुगवलेला फुगा नळीतून जाणार नाही, पण फुटल्यावर त्याचे तुकडे लगेच उचला. घशात रबर चिकटलं तर काढणं कठीण.

ए ३०३: आम्ही मागे कॉर्नफ्लोअरचं केलं होतं. दोन भाग पीठ, एक भाग पाणी. हळू बोट घातलं तर बुडतं, बुक्की मारली तर दगड. मुलांपेक्षा मीच जास्त वेळ बसलो होतो. फक्त नंतर बेसिनमध्ये ओतू नका, खाली साका बसून पाइप तुंबतो. वाळू द्या, खरवडून कचऱ्यात.

सचिव: धन्यवाद, पाइपचं लिहिलंत ते बरं केलंत. बाकी हा ग्रुप पार्किंगसाठीच होता, पण चालू द्या.

डी ५०१: बर्फात खेळणी गोठवून मीठ टाकून सोडवायचं, हे कसं आहे? बहीण म्हणत होती.

ए १०१ (बालवाडीच्या बाई): झकास. मिठाने बर्फाला खळगे पडतात, त्यात रंगाचा थेंब टाकला की भेगाभेगांतून उतरताना दिसतो. पाच वर्षांची तासभर बसेल.

सी २०३: मीठ चमच्याने टाकू दे आणि मीठ लागलेला बर्फ मुठीत नको. तो शून्याच्या बराच खाली जातो, कातडी भाजल्यासारखी होते. आणि पाण्याचा टब असेल तर फोन घ्यायलासुद्धा उठायचं नाही. बुडायला लहान मुलाला बोटभर-दोन बोटं पाणी पुरतं. खेळ संपला की टब लगेच पालथा.

बी ४०२: ठरलं मग. उद्या कागद फाडणे, परवा कणीक. अडीच वर्षांच्याला आधीच कळलंय, वर्तमानपत्र फाडून ठेवलंय. आजचंच होतं, यांनी वाचलंही नव्हतं.

ए ३०३: आम्ही बर्फ बाल्कनीत करतो, घर ओलं नको.

बी १०२ (आजी): बाल्कनीत करण्याआधी खाली डोकाव. माझ्या चादरी वाळत आहेत, रंगाचं पाणी त्यांच्यावर नको.