काडतूस निवडताना भिंतींचाही विचार करा

घरच्या संरक्षणासाठी कार्बाइनमध्ये (आखूड नळीच्या रायफलमध्ये) फुल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूचं आवरण असलेली गोळीच बरी, ती भरताना अडकत नाही, असं वर एकांनी लिहिलंय. अडकत नाही हे मान्य, पण ती समोरच्याच्या आरपार जाऊन पलीकडेही जाते. आपल्या मुंबईच्या इमारतीत पलीकडे कोण असतं? शेजारच्यांचं झोपलेलं पोर. प्लायवूडचं दार सोडाच, चार इंची विटांच्या भिंतीवरही भरवसा ठेवू नका. आदळल्यावर पसरणारी, फुलणारी गोळी आपला बराचसा जोर लक्ष्यातच सोडते. म्हणून १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी घातलेली ही गोळी अनेक देशांचे पोलीस मात्र वापरतात. तरी नेम चुकला तर तीही भिंत भेदू शकते.

आपल्याकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे त्या मापाच्या नळीच्या शस्त्राचा परवाना सामान्य माणसाला सहसा मिळत नाही; त्यामुळे परवानाधारकाकडे रायफल असलीच तर ती बहुधा .३१५ बोअरची असते. तिथे मला ब्रँडपेक्षा साठवण महत्त्वाची वाटते. माझ्या काकांनी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यातच ठेवली होती. एका पावसाळ्यात पितळेवर हिरवा थर चढला, बोटाला चिकटत होता. अशी काडतुसं घासूनपुसून वापरू नका, बाजूला काढा. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडा.