चार वर्षांपूर्वीच्या अँजिओप्लास्टीची कागदपत्रे रुग्णालयाकडून कशी मिळवावीत? सल्ला हवा आहे

शरयू

नमस्कार. माझ्या वडिलांची ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. आता ते आमच्याकडे नाशिकला राहतात आणि त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) कोणत्या रक्तवाहिनीत आहे, तो औषधलेपित आहे का, इतर वाहिन्यांतील काही अडथळे तसेच ठेवले होते का आणि तेव्हा हृदयाची पंपिंगक्षमता किती होती, हे सारे भूलतज्ज्ञांनी विचारले आहे. आमच्याजवळ डिस्चार्ज कार्डाची एक पुसट झेरॉक्स तेवढी आहे, कारण मूळ फाईल विम्याच्या दाव्यासाठी जमा केली होती. रुग्णालयाला फोन केला तेव्हा “तीन वर्षांच्या आधीचे रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही” असे उत्तर मिळाले. रीतसर मागणी कशी करावी आणि यापुढे हे कागद कसे जपावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

भीमाकाठ

शरयूताई, फोनवर मिळालेले उत्तर अंतिम मानू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण ही किमान मुदत आहे, आणि तिच्यानंतर नोंदी नष्ट केल्याच पाहिजेत असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही. अनेक रुग्णालये फायली त्याहून जास्त काळ ठेवतात, आणि कागद निकाली निघाले तरी संगणकावरील अहवाल व बिले बहुधा शिल्लक असतात. त्याच आचारसंहितेत असेही सांगितले आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच द्यावी आणि 72 तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत. रुग्णाचे केस पेपर गोपनीयतेच्या सबबीवर खुद्द रुग्णापासूनच राखून ठेवता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून अर्ज लेखीच करा. तो स्वागतकक्षात न देता मेडिकल रेकॉर्ड विभागात, म्हणजे ज्याला तेथे सगळे एमआरडी म्हणतात तेथे, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व सही घ्या. जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तोच मजकूर ईमेलही करा. वडिलांच्या सहीचे अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडा. अर्जाच्या शेवटी एक वाक्य आवर्जून घाला: “यांपैकी कोणतीही नोंद नष्ट केली असल्यास तसे कृपया लेखी कळवावे.” तोंडी नकार देणे सोपे असते, तोच नकार सहीशिक्क्यानिशी द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी कपाटे पुन्हा एकदा तपासली जातात. तरीही दाद लागली नाही, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि रुग्णालयांची नोंदणी करणारा महापालिकेचा आरोग्य विभाग यांच्याकडे पोच जोडून तक्रार करता येते. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील नोंदी हव्या असतील, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखालीही अर्ज करता येतो आणि त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

रानजाई

मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम करते, त्यामुळे थोडे आतल्या बाजूने सांगते. “सगळी फाईल द्या” असा अर्ज आला की बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डाची आणखी एक प्रत हाती ठेवली जाते, म्हणून हवे ते नाव घेऊन मागावे. तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कॅथलॅबचा, म्हणजे हृदयाच्या या प्रक्रिया जेथे होतात त्या कक्षाचा, अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीचा अहवाल. कोणत्या वाहिनीत किती टक्के अडथळा होता, कोणत्या लांबीचा व व्यासाचा स्टेंट बसवला आणि काय तसेच ठेवले, हे त्यात लिहिलेले असते. त्याच्या सोबतीने अँजिओग्राफीची सीडी, 2डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल, दाखल असतानाचे डॉक्टरांचे शेरे आणि सविस्तर बिल मागा.

बिलाकडे दुर्लक्ष करू नका. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हाच रुग्णालयांनी बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी आणि त्याचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक नमूद करावा, असे बंधनही घातले होते. स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर केस पेपरवर किंवा अहवालावर चिकटवलेला असतो. त्या पानाची स्वच्छ रंगीत प्रत आठवणीने घ्या. अर्जावर आयपीडी क्रमांक (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) आणि दाखल झाल्याची तारीख लिहिली तर शोध लवकर लागतो, आणि हा क्रमांक पुसट झेरॉक्सवरही वरच्या कोपऱ्यात बहुधा वाचता येतो.

विमा कंपनीलाही पत्र लिहा. मूळ कागद परत मिळणे अवघड असले तरी दाव्याच्या फाईलच्या स्कॅन प्रती कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) असतात, आणि दावा क्रमांक दिल्यास त्या प्रती मागता येतात.

शरयू

मनापासून आभार. वर सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला आणि पोचही मिळाली. कागदी फाईल निकाली काढल्याचे त्यांनी लेखी कळवले, पण कॅथलॅबचा अहवाल आणि सविस्तर बिल संगणकावर सापडले असून ते घ्यायला या आठवड्यात भाऊ जाणार आहे. सीडीबाबत अजून उत्तर आलेले नाही. आणखी दोन प्रश्न आहेत. वडिलांच्या मधुमेहावर वर्षानुवर्षे उपचार करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना आता बंद झाला आहे. तेथील माहिती दुसरीकडून कशी गोळा करावी? आणि हाती आलेले कागद कोणत्या पद्धतीने ठेवावेत?

उत्तरवाट

दवाखाना बंद झाला तरी तपासण्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये व सोनोग्राफी केंद्रात झाल्या, त्यांच्याकडे त्यांची स्वतःची नोंद असते. रुग्णाचे नाव, त्या वेळचा मोबाइल क्रमांक आणि अंदाजे वर्ष सांगितले की जुने अहवाल अनेकदा पुन्हा छापून मिळतात. नेहमीच्या औषधविक्रेत्याकडील बिलांवरून कोणते औषध कधी सुरू झाले याचा माग लागतो. वडील नोकरीत असताना वार्षिक वैद्यकीय तपासणी होत असेल, तर कार्यालयाकडेही विचारून पाहा.

जपण्याच्या बाबतीत ईसीजीपासून सुरुवात करा, कारण बरेच ईसीजी थर्मल कागदावर छापलेले असतात आणि उष्णता, उजेड व प्लॅस्टिकच्या संपर्काने पुसट होत जातात. त्यांचे लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने पूर्ण पट्टी काळी पडते. आजच त्यांची झेरॉक्स काढा आणि स्कॅनही करून ठेवा. सीटी स्कॅन व एमआरआयच्या बाबतीत नुसता अहवाल पुरेसा मानू नका. मूळ प्रतिमा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय फायलींचे प्रमाणित रूप) स्वरूपात मागून घ्या, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला स्वतःच्या नजरेने पाहायच्या असतात त्या याच. घरात कोणाची बायोप्सी झाली असेल तर काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक जेथे आहेत त्या लॅबचे नाव व नमुना क्रमांक लिहून ठेवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांचे हेच नमुने पुन्हा तपासले जातात.

फाईल आजारांनुसार न लावता तारखेनुसार लावावी, असे माझे ठाम मत आहे. एकच तपासणी मधुमेहाची, मूत्रपिंडाची आणि हृदयाचीही असू शकते, आणि मग ती नेमकी कोणत्या कप्प्यात ठेवली हे ऐन घाईत कोणालाही आठवत नाही. सर्वांत वर एक पान असावे: आजार, शस्त्रक्रिया, शरीरात बसवलेली उपकरणे, चालू औषधे मात्रेसह, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. प्रत्येक भेटीनंतर त्या पानावरची तारीख बदलत जा.

भीमाकाठ

डिजिटल प्रतींसाठी वडिलांचे 14 अंकी आभा क्रमांकाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखीचे, खाते काढून ठेवायला हरकत नाही. मात्र आभा काढल्याने 2021 चे कागद आपोआप तेथे येणार नाहीत. नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि तुमच्या संमतीने जोडल्या व दाखवल्या जातात. जुने अहवाल आभाच्या ॲपमध्ये तुम्हालाच चढवावे लागतील. म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफ फायली स्वतःजवळही ठेवा आणि फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस लिहा.

रानजाई

शरयूताई, भावाला सांगा की अहवालाच्या प्रत्येक पानावर वडिलांचे नाव, वय आणि आयपीडी क्रमांक बरोबर आहे ना, हे तेथेच खिडकीपाशी तपासून घ्यावे आणि प्रतींवर एमआरडीचा शिक्का मारून घ्यावा. सीडी मिळालीच तर ती तेथील संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय निघू नये. हे सारे भूलतज्ज्ञांपर्यंत पोहोचेपर्यंत वडिलांची रक्त पातळ करणारी गोळी कोणाच्याही ऐकीव सल्ल्याने बंद करू नका; ती कधी थांबवायची आणि थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ कॅथलॅबचा अहवाल पाहूनच ठरवतील.