शब्दचर्चा : ‘नेमस्त’ आणि ‘मवाळ’ एकच का?

प्रश्न, सातारा : नामदार गोखल्यांवरच्या भित्तिपत्रकाचा मजकूर तयार करायचा आहे. ‘मवाळ नेते’ लिहावं की ‘नेमस्त नेते’? ‘नेमस्थ’ असंही लिहिलेलं दिसतं.

सांगली : ताई, आधी शुद्धलेखन. शेवटी ‘त’च. ‘गृहस्थ’, ‘मध्यस्थ’ यांच्या वळणावर जाऊन लोक ‘थ’ लावतात.

आता अर्थ. ‘नेमस्त’च्या पोटात ‘नेम’ आहे. नेमस्त आहार म्हणजे अर्धपोटी राहणं नव्हे, ठरल्या मापात जेवणं. ‘मवाळ’ हा मऊपणाचा शब्द. आवाज मवाळला म्हणजे त्याची धार गेली. त्याच्या उलट ‘जहाल’. तासगावकडे द्राक्षबागेत फवारणीचं औषध जहाल झालं की कोवळी पानं करपतात, तोच हा जहाल. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ अशी. पण गोखल्यांची धार कुठे गेली होती? १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारी शिलकेचे आकडेच सरकारपुढे मांडले आणि मिठावरचा कर उतरवा म्हणून सांगितलं. तेव्हा तो मणामागे अडीच रुपये होता. १९०३ ला दोन, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया झाला. याला मवाळ म्हणवत नाही.

कराड : दादा, पटतं, पण शाळेच्या पुस्तकांतून ‘मवाळ’ इतका रुळलाय की त्यात आता हिणवणं उरलेलं नाही. गटाचं नाव म्हणून ‘मवाळ गट’ चालेल. स्वभावाचं वर्णन म्हणून मात्र नको.

आणखी एक. ही दोन्ही विशेषणं राजकारणापुरतीच ठेवावीत. आमच्या टेंभूचे आगरकर समाजसुधारणेत कुणाही जहालापेक्षा जहाल होते, आणि त्यांच्या ‘सुधारक’ या साप्ताहिकाची इंग्रजी बाजू गोखलेच सांभाळत. ‘मवाळ समाजसुधारक’ असं जोडून लिहिलं की अर्थ पार बिघडतो.

सांगली : अगदी बरोबर. नेमस्तपणा नीट दिसतो तो गोखल्यांनी १९११ ला मांडलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. सक्ती एकदम देशभर नव्हती. जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील, तिथल्याच नगरपालिकेनं किंवा लोकल बोर्डानं, सरकारची मंजुरी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लावायची. इतकं मोजून मांडलेलं विधेयक १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं गेलं.

मिरज : ‘प्रागतिक’ मात्र टाळा. त्या नावाचा पक्ष गोखल्यांच्या निधनानंतरचा. आणि ‘ना. गोखले’ मधला ‘ना.’ म्हणजे नामदार, कायदे कौन्सिलच्या सभासदाची पदवी. हल्ली पत्रिकांवर मंत्र्यांच्या नावाआधी येतो तोच. पुष्कळ जण ते नावाचं आद्याक्षर समजून ‘नारायण’ वाचतात, म्हणून भित्तिपत्रकावर पूर्ण शब्द लिहा.

सातारा : मग असं लिहिते : ‘नेमस्त राजकारणी आणि समाजसुधारक नामदार गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५)’.

कराड : ठीक. ‘नेमस्त’ फक्त ‘राजकारणी’ला लागतंय हे दिसावं म्हणून ‘समाजसुधारक’ खालच्या ओळीत घ्या.