चर्चा: डेटाची डिस्क तयार नसेल तर सर्व्हर सुरू होऊ द्यावा का?

रात्रपाळी

लिनक्सवर एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठल्या डिरेक्टरीवर जोडायची, म्हणजे माउंट करायची, त्याची यादी) डेटा डिस्कच्या ओळीला सरसकट 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) जोडायची पद्धत पडली आहे. तिला माझा विरोध आहे. ॲमेझॉनच्या ईबीएस (क्लाउडमधल्या डिस्क) मार्गदर्शिकेत ती ओळ तशी दिलेली आहे आणि क्लाउडमध्ये ती पटतेही, कारण तिथे मशीनसमोर जाऊन बसता येत नाही. पण तीच ओळ उचलून लोक ऑफिसातल्या सर्व्हरवर टाकतात.

नोफेल नसेल तर सिस्टमडी (लिनक्समध्ये बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कची 90 सेकंद वाट पाहतो. ती आली नाही तर इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) थांबतो. हे थांबणं मला योग्य वाटतं. न आलेल्या डिस्कच्या जागी एक रिकामी डिरेक्टरी असते आणि ती कुणालाही मुकाट लिहू देते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत डॉकर कंटेनरला (बाकी सिस्टमपासून वेगळ्या चालणाऱ्या पॅकेजला) डेटा डिरेक्टरी रिकामी दिसली की तो नवा कोरा डेटाबेस बनवतो. ॲप त्याला जोडलं जातं, टेबलं तयार होतात, दिवसभर नोंदी होतात आणि त्या सगळ्या रूट (सिस्टमच्या) डिस्कवर जातात. संध्याकाळी कुणीतरी मशीन रीस्टार्ट करतं. या वेळी खरी डिस्क माउंट होते आणि त्या दिवसाच्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात. आता दोन डेटाबेस झाले आणि दोन्हींतले आयडी एकमेकांवर आपटणारे. असं जुळवण्यात आठवडा घालवण्यापेक्षा सकाळचे दोन तास सर्व्हर बंद राहिलेला परवडला.

आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला 'डिलीट' (मूळ जागी नाही ते बॅकअपमधूनही पुसा) लावून बॅकअप घेणाऱ्यांनी तर याचा विचार करायलाच हवा. मूळ डिस्क माउंट नसेल तर मूळ जागा रिकामी दिसते आणि आरसिंक बॅकअपही तितकाच रिकामा करून ठेवतो.

ताम्हिणी

तुमची भीती खरी आहे, उपाय पटत नाही.

आपल्यापैकी बरेच जण तालुक्याच्या गावातल्या पतसंस्था, दवाखाने, शाळांचे सर्व्हर लांबून सांभाळतात. रात्री लाइट जाते, यूपीएसची बॅटरी संपते, पहाटे लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू होतं. एक जुनी डिस्क जागी झाली नाही आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, तर नेटवर्क नाही, एसएसएच (लांबून लॉगिन) नाही. डेबियनवर रूट खातं (सर्वाधिकार असलेलं) बंद ठेवलेलं असेल, तर समोर बसलेल्या माणसालाही शेल (कमांड द्यायची जागा) मिळत नाही. समोर असतो कोण? वॉचमन, नाहीतर आठ वाजता आलेली रिसेप्शनिस्ट. त्यांना फोनवरून बूटच्या ओळी बदलायला सांगून बघा.

आणि न आलेली डिस्क कसली, तर जुन्या एक्स-रेंच्या संग्रहाची. तिच्यासाठी बिलिंगही बंद, केसपेपरही बंद.

मशीन सुरू झालं पाहिजे. थांबायचं असेल तर त्या डिस्कवर ज्याचं काम आहे त्या सर्व्हिसने (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामने) थांबावं. तिच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडी वाचतो ती सेटिंगची फाइल) 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' लिहून डिस्कचा मार्ग द्या. माउंट झालं नाही तर सर्व्हिस उठत नाही, आणि मी घरून डीमेसेज (लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे संदेश) वाचून कुठली डिस्क गेली ते सांगू शकतो.

स्पिंडल

दोघंही 'डिस्क आलीच नाही' असं धरून बोलताय. डिस्क धड असते, फक्त उशिरा येते, हे मी कितीतरी जास्त वेळा पाहतो.

साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते. 24 डिस्कची पेटी एकदम सुरू केली तर 50 अँपिअरच्या घरात भार जातो, म्हणून कंट्रोलर त्यांना टप्प्याटप्प्याने उठवतो. एकेक डिस्क तयार व्हायला वीस-पंचवीस सेकंद घेते. शेवटच्या गटाची पाळी येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. डिस्कने 'आधी मला सुरू करा' असं उत्तर दिलं तर कर्नलचा डिस्क हाताळणारा एससीएसआय ड्रायव्हर तिला स्टार्ट कमांड देऊन 100 सेकंदांपर्यंत थांबतो. म्हणजे खालचा थर अजून वाट पाहत असताना वरच्या सिस्टमडीची 90 सेकंदांची मुदत संपू शकते. स्टोरेज वेगळ्या पेटीत असेल आणि लाइट आल्यावर दोन्ही एकाच क्षणी सुरू झाले, तर ती पेटी स्वतः बूट व्हायलाच काही मिनिटं घेते.

त्यामुळे आधी मुदत वाढवा. एफएसटॅबच्या त्याच ओळीत डिव्हाइस-टाइमआउटचा पर्याय आहे, तिथे पाच मिनिटं द्या.

रेडवर (अनेक डिस्क मिळून एक संच) हे आणखी महाग पडतं. संचातली एक डिस्क मागे राहिली की तो संच सांभाळणारा एमडीएडीएम 30 सेकंदांनी संच अपुराच सुरू करतो. नंतर आलेली डिस्क जुनी ठरते आणि बिटमॅप (कुठले भाग बदलले त्याची नोंद) ठेवलेला नसेल तर अख्खं रिबिल्ड, म्हणजे पूर्ण डिस्क पुन्हा भरणं. चांगल्या डिस्कवर तासन् तासांचा भार, कारण काही सेकंद थांबलो नाही.

रात्रपाळी

स्पिंडल, मुदतीचं मान्य. माझ्या बाजूने तर हा आणखी एक मुद्दा आहे: थांबा, आणि नीट थांबा.

ताम्हिणी, तुमच्या मांडणीत एक गोष्ट सुटली. नोफेलमुळे डिस्क नसताना बूट पुढे जातं, एवढंच होत नाही. माउंट होईपर्यंत थांबायचा क्रमही निघून जातो. सिस्टमडीच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. डिस्क ठणठणीत असली तरी सर्व्हिस तिच्याआधी उठू शकते. म्हणजे नोफेल टाकलं की त्या डिस्कला हात लावणाऱ्या प्रत्येक सर्व्हिसला तुमची ती ओळ हवीच. आणि क्रॉनचं (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचं) काय? डॉकरमधल्या कंटेनरांचं काय?

नवीन_ॲडमिन

मध्ये विचारतो, माफ करा. बूटच्या शेवटी स्क्रिप्टमध्ये 60 सेकंद स्लीप आणि मग 'माउंट ए' (एफएसटॅबमधलं सगळं माउंट करा) चालवलं तर चालेल का? आमच्याकडे आधीच्यांनी तसंच करून ठेवलंय.

स्पिंडल

चालतं, 61वा सेकंद लागेपर्यंत. शिवाय तोवर बाकीच्या सर्व्हिस उठलेल्या असतात. सिस्टमचा डिस्कसंचच (रूट पूल) झेडएफएस या फाइलसिस्टमवर असेल तर प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टममध्ये इनिटआरडीला (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टमला) ठरावीक सेकंद थांबायला सांगावं लागतं, तिथे ते ठीक. डेटा डिस्कसाठी ती स्क्रिप्ट काढा आणि एफएसटॅबची मुदत वापरा.

ताम्हिणी

रात्रपाळी, क्रमाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. तरी मी माझ्या जागेवर आहे, कारण रिकाम्या डिरेक्टरीवर सोपा इलाज आहे. डिस्क माउंट नसताना त्या डिरेक्टरीला 'चॅटर' कमांडने प्लस आय (बदलाला मनाई) लावा. मग रूटलाही तिथे फाइल बनवता येत नाही. कोरा डेटाबेस बनवू पाहणारा कंटेनर तिथेच एरर देऊन पडतो. खरी डिस्क वर माउंट व्हायला काहीच अडत नाही. क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ 'माउंटपॉइंट' (इथे डिस्क माउंट आहे का ते तपासणाऱ्या) कमांडची ठेवा, माउंट नसेल तर स्क्रिप्ट बाहेर.

पोस्टग्रेसची कागदपत्रंही हेच सुचवतात: माउंटची जागा थेट डेटा डिरेक्टरी म्हणून देऊ नका, तिच्या आत एक डिरेक्टरी करा. डिस्क गेली की आतली डिरेक्टरीही दिसत नाही आणि डेटाबेस सरळ नकार देतो.

एक उणीव मात्र राहते. डिस्क उशिरा आली तर अडलेली सर्व्हिस आपोआप उठत नाही, ती हाताने सुरू करावी लागते. पण तेवढ्यासाठी एसएसएच चालू असतं.

रात्रपाळी

दवाखान्याच्या मशीनला ही पद्धत मी वापरेन. बॅकअप सर्व्हरला नाही. तिथे कुणी रांगेत उभं नसतं आणि चुकीच्या जागी लिहिलेलं महिनोन् महिने कळत नाही. तिथे नोफेल काढणार, रूटला पासवर्ड देणार आणि आयपीएमआयची (अडकलेलं मशीनही लांबून हाताळायची सोय) केबल जोडणार.

ताम्हिणी

आणि तो थांबला हे तुम्हाला कळणार कसं? चालू असता तर डिस्क नसल्याचा मेल त्यानेच पाठवला असता.

रात्रपाळी

त्याच्यावर नजर दुसऱ्या मशीनवरून ठेवायची. पहाटेपर्यंत बॅकअप पूर्ण झाल्याची खबर आली नाही की माझा फोन वाजला पाहिजे. ही सोय डिस्क धड असतानाही लागतेच.