ओल्ड स्कूल रूनस्केप: रेंज्ड ६१, डिफेन्स ३८. कवच कोणतं घ्यावं?

रामबाग_तिरंदाज

नमस्कार मंडळी. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळातल्या माझ्या पात्राच्या कवचाबद्दल विचारायचं आहे. इंदूरची बरीच मराठी मंडळी इथे आहेत, म्हणून सगळे आकडे मांडूनच विचारतो.

रेंज्ड (लांबून मारा) ६१, डिफेन्स (बचाव) ३८, प्रेयर (प्रार्थना) ४४, स्लेयर (नेमून दिलेले राक्षस मारणं, म्हणजे टास्क) ५७. मेंबरशिप आहे, ड्रॅगन स्लेयर १ ही मोहीम पूर्ण आहे. हातात रून क्रॉसबो आणि ब्रॉड बोल्ट. अंगावर साधी कॉइफ (डोक्यावरची), अ‍ॅमुलेट ऑफ ग्लोरी, अ‍ॅव्हाज अ‍ॅक्युम्युलेटर (सोडलेले बोल्ट परत आणणारं यंत्र), अ‍ॅडमंट प्लेटबॉडी, ग्रीन डी-हाइड (ड्रॅगनच्या कातड्याचे) चॅप्स (पायांवरचे), ग्रीन व्हॅम्ब्रेस (हातांवरचे), स्नेकस्किन बूट. खिशात ३५ लाख जीपी (खेळातले पैसे).

तीन प्रश्न:

१. रेड डी-हाइड बॉडी घेतली, पण चढत नाही. रेंज्ड तर ६० च्या वर आहे.
२. अ‍ॅक्युम्युलेटर असूनही बोल्ट भराभर संपतात. खेळतो मोबाइलवर, खाली पडलेलं वेचत बसणं जमत नाही.
३. रेड, ब्लॅक हे टप्पे सोडून पैसे साठवावेत आणि एकदम करिल्स या भारी कवचाचा सेट घ्यावा का? कवच भारी झालं तर डॅमेजही वाढेल असं वाटतंय.

मुख्य काम स्लेयर टास्क. पुढे बॅरोज आणि फाइट केव्ह ही लढाईची ठिकाणं.

---

छावणी_क्रॉसबो

भिया, पहिल्या दोन्ही प्रश्नांचं मूळ छातीवरच्या कवचात आहे.

डी-हाइडच्या बॉडीला रेंज्डबरोबर डिफेन्स ४० लागतो. ग्रीनपासून ब्लॅकपर्यंत चारही रंगांना तीच अट. चॅप्स आणि व्हॅम्ब्रेसना फक्त रेंज्ड लागतं, म्हणून ते चढले. रेड चॅप्स आणि रेड व्हॅम्ब्रेस तू आजच घालू शकतोस, डिफेन्सची वाट बघू नकोस.

बोल्टचं असं आहे की अ‍ॅव्हाची यंत्रं चुंबकावर चालतात. छातीवर धातूची प्लेटबॉडी किंवा चेनबॉडी असेल तर यंत्र कामच करत नाही. चॅटबॉक्समध्ये तसा संदेशही येतो, मोबाइलवर तो नजरेतून सुटतो. अ‍ॅक्युम्युलेटर नीट चालला तर ७२ टक्के बोल्ट थेट परत येतात, ८ टक्के जमिनीवर पडतात आणि २० टक्के तुटतात. तुझ्याकडे यंत्र बंद आहे, म्हणजे ८० टक्के बोल्ट राक्षसाच्या पायाशी पडून राहतात. संपणारच!

आणि प्लेटबॉडी रेंज्डच्या हल्ल्याला उणे बोनस देते. दुहेरी नुकसान आहे, आजच उतरव. डिफेन्स ४० होईपर्यंत स्नेकस्किन बॉडी घाल. तिला रेंज्ड ३० आणि डिफेन्स ३० पुरतं, हल्ल्याचा बोनस +१२ आहे आणि किंमत किरकोळ.

डिफेन्स ३८ वरून ४० ला ६,८१६ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. त्यासाठी तलवार उचलायची गरज नाही. क्रॉसबोची स्टाइल लाँगरेंजवर टाक. प्रत्येक डॅमेजमागे २ एक्सपी रेंज्डला, २ डिफेन्सला मिळतात, म्हणजे ३,४०८ डॅमेज झालं की काम संपलं. लाँगरेंजवर बोल्ट दर ३.६ सेकंदांनी सुटतो आणि रॅपिडवर दर ३ सेकंदांनी. म्हणून ४० झाले की आठवणीने रॅपिडवर परत ये. पुष्कळ जण इथेच विसरतात आणि दिवसच्या दिवस हळू खेळत राहतात.

---

लोकमान्यनगर_गणित

तिसऱ्या प्रश्नातला समज आधी दुरुस्त करायला हवा, नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातील.

या खेळात दोन बोनस वेगळे आहेत. रेंज्ड अटॅक ठरवतो की बाण लागेल की नाही. रेंज्ड स्ट्रेंग्थ ठरवते की लागला तर जास्तीत जास्त किती लागेल. डी-हाइड आणि करिल्सच्या कवचांत अटॅक आहे, स्ट्रेंग्थ शून्य. क्रॉसबो वापरताना स्ट्रेंग्थ येते बोल्टमधून. ब्रॉड बोल्टची १०० आहे.

तुझा कमाल फटका प्रेयरशिवाय, रॅपिडवर: (६१ + ८) गुणिले (१०० + ६४), भागिले ६४०, अधिक अर्धा. उत्तर १८.१८, म्हणजे १८. छातीवर काहीही घातलंस तरी १८ च. रूनाइट बोल्ट (स्ट्रेंग्थ ११५) भरले तर १९.

आता नेम. हल्ल्याचा आकडा म्हणजे (६१ + ८) गुणिले (एकूण अटॅक बोनस + ६४). रंगागणिक तीन नगांचा बोनस असा पडतो:

ग्रीन: बॉडी १५, चॅप्स ८, व्हॅम्ब्रेस ८, एकूण ३१
ब्लू: २०, ११, ९, एकूण ४०
रेड: २५, १४, १०, एकूण ४९
ब्लॅक: ३०, १७, ११, एकूण ५८

प्रत्येक पायरीला बरोबर ९ ची वाढ. तुझे बाकीचे नग (रून क्रॉसबो ९०, ग्लोरी १०, अ‍ॅक्युम्युलेटर ४, बूट ३, कॉइफ २) मिळून १०९ होतात. समजा समोरच्याची डिफेन्स लेव्हल १०० आणि रेंज्डविरुद्धचा बोनस ५० आहे. पूर्ण ग्रीनमध्ये बोल्ट लागण्याची शक्यता ५५.९ टक्के येते, पूर्ण रेडमध्ये ५९.४ टक्के. समोरचा कच्चा असेल तर हा फरक आणखी कमी होतो. म्हणून साध्या टास्कवर रंग बदलल्याचं काही जाणवत नाही आणि चिवट राक्षसांवर जाणवतं.

करिल्सबद्दल एवढं बघ: करिल्स टॉप +३०, स्कर्ट +१७. ब्लॅक डी-हाइड बॉडी +३०, चॅप्स +१७. हल्ल्याला काडीचाही फरक नाही. करिल्समध्ये जास्त मिळतं ते संरक्षण, मुख्यतः जादूविरुद्धचं. पण त्याला रेंज्ड ७० च्या जोडीला डिफेन्सही ७० लागतो. डिफेन्स ४० ते ७० म्हणजे ७,००,४०३ एक्सपी. लाँगरेंजने गेलास तर साडेतीन लाख डॅमेज. शिवाय ते झिजतं. १५ तासांच्या लढाईनंतर निकामी, आणि लंब्रिजच्या बॉबकडे पूर्ण दुरुस्तीला टॉपचे ९०,००० आणि स्कर्टचे ८०,००० जीपी. स्वतःच्या घरातल्या आर्मर स्टँडवर स्मिथिंगच्या दर लेव्हलमागे अर्धा टक्का सूट मिळते. स्मिथिंग ६० असेल तर १,७०,००० चे १,१९,००० होतात.

माझं मत: तुझ्या लेव्हलला करिल्सचा विचारही करू नये.

---

सुदामानगर_स्लेयर

वरचं गणित बरोबर आहे, पण स्लेयर करणाऱ्याने सगळ्यात आधी डोक्यावर खर्च करायला हवा आणि ते अजून कुणी लिहिलं नाही.

इम्ब्यू केलेला (शक्ती वाढवलेला) ब्लॅक मास्क घातला की टास्कवरच्या राक्षसांविरुद्ध रेंज्डचा नेम १५ टक्के आणि डॅमेजही १५ टक्के वाढतो. तुझा १८ चा फटका २० होतो. वरच्याच उदाहरणात रेड सेट ठेवून कॉइफच्या जागी हा मास्क घातला, तर शक्यता ५९.४ वरून जवळपास ६५ टक्क्यांवर जाते. नेम आणि फटका एकत्र धरले तर प्रत्येक बोल्टमागचं सरासरी डॅमेज ५.३५ वरून साधारण ६.५ होतं. ग्रीनपासून ब्लॅकपर्यंत चढूनही एवढं पदरात पडत नाही.

सावध राहायचं ते इम्ब्यूबाबत. साधा मास्क फक्त मेलीला (जवळून मारायला) उपयोगी पडतो, रेंज्डला शून्य. ग्रँड एक्सचेंजवर (खेळातल्या बाजारात) मिळतो तो साधाच. तो घेऊन नाइटमेअर झोन किंवा सोल वॉर्स या मिनीगेमच्या गुणांवर इम्ब्यू करून घ्यावा लागतो. पुढे ४०० स्लेयर पॉइंट देऊन स्लेयर हेल्मेट बनवायची परवानगी घे. जोडणीला क्राफ्टिंग ५५ लागतं. मास्क आधीच इम्ब्यू केलेला असेल तर हेल्मेटही इम्ब्यू झालेलंच बनतं.

दुसरं असं, की जिथे सेफस्पॉट (राक्षस पोचू शकत नाही अशी जागा) आहे तिथे अंगावरच्या संरक्षणाचा काही उपयोग नाही. टॅव्हर्ली डंजनचे ब्लू ड्रॅगन जवळ आल्याशिवाय आग ओकत नाहीत. मधे आडोसा धरून उभं राहिलं की ते पोचतच नाहीत. तिथे फक्त अटॅक बोनस बघायचा. आडोशापर्यंत जाता-येता मात्र अँटी-ड्रॅगन शील्ड हातात असू दे. क्रॉसबो एकहाती असल्याचा हा फायदा आहे, दोन हातांच्या धनुष्याला ढाल धरता येत नाही.

आर्चर हेल्म सुचवणारे भेटतील. +६ आहे, रेलेक्काला स्कुलग्रिमेनकडे ७८,००० जीपीला मिळतं, फ्रेमेनिक ट्रायल्स आणि डिफेन्स ४५ लागतो. टास्कबाहेर चांगलं आहे. टास्कवर मास्कपुढे टिकत नाही.

---

राजवाडा_व्हॉइड

व्हॉइड कवचाचं नाव कुणीच घेत नाही? व्हॉइड रेंजर सेट घातला की नेम आणि डॅमेज दोन्ही १० टक्के वाढतात, आणि टास्कची अट नाही. त्याला पेस्ट कंट्रोल या मिनीगेमचे पॉइंट लागतात: टॉप २५०, रोब २५०, हेल्म २००, ग्लव्ह्ज १५०, एकूण ८५०. जीपी एकही नाही. अट अशी की अटॅक, स्ट्रेंग्थ, डिफेन्स, हिटपॉइंट्स, रेंज्ड, मॅजिक सगळे ४२ आणि प्रेयर २२. चारही नग अंगावर हवेत, एक जरी बदलला तरी बोनस जातो.

---

सुदामानगर_स्लेयर

@राजवाडा_व्हॉइड बॉसिंगला (मोठे राक्षस मारायला) मान्य. पण टास्कवर मास्क घातला की व्हॉइड हेल्म निघतो आणि सेटच मोडतो. शिवाय व्हॉइडला स्वतःचा अटॅक बोनस शून्य आहे, डी-हाइडचे ४९ सोडावे लागतात. प्रश्न स्लेयरचा आहे, म्हणून मी डी-हाइड आणि मास्कच म्हणेन.

---

रामबाग_तिरंदाज

प्लेटबॉडी उतरवली, स्नेकस्किन घातली. बोल्ट परत यायला लागले!

आणखी दोन शंका. रेंज्ड ७० ला साधं ब्लॅक घ्यावं की ब्लेस्ड? आणि पावसाळ्यात इथे वीज जाते तेव्हा कनेक्शन तुटतं. त्या वेळी कोणतं कवच वाचवेल?

---

सराफा_रात्रपाळी

खरेदीबद्दल आधी. रेंज्ड ६१ ते ७० म्हणजे ४,३५,३३९ एक्सपी, रॅपिडवर साधारण १ लाख ९ हजार डॅमेज. एवढा काळ ग्रीनमध्ये राहू नकोस. रेड वापर आणि ७० ला विकून टाक, विकताना थोडा कर कापला जातो तेवढाच तोटा. ग्रँड एक्सचेंजचा भाव आपल्या सराफ्यासारखा रोज हलतो, एका दिवशीचा आकडा बघून घाई करू नये. सोनेरी किनारीचे किंवा नक्षीचे डी-हाइड महाग असतात, आकडे मात्र साध्याइतकेच. त्यावर जीपी घालवू नकोस.

ब्लेस्ड घ्यावं. रेंज्ड ७०, बॉडीला डिफेन्स ४०, हल्ल्याचा बोनस ब्लॅकसारखाच, वर प्रत्येक नगाला प्रेयर +१. सहा देवांचे सहा रंग आहेत, गुण सगळ्यांचे सारखे. जो स्वस्त असेल तो घे. बूट विसरू नकोस, स्नेकस्किनच्या +३ च्या जागी तिथे +७ मिळतात.

प्रेयरचा +१ दिसायला क्षुल्लक आहे, पण हिशोब कर. प्रोटेक्ट प्रेयर (हल्ला अडवणारी प्रार्थना) चालू असताना बोनस शून्य असेल तर दर ३ सेकंदांना एक पॉइंट जातो. बॉडी, चॅप्स, ब्रेसर (व्हॅम्ब्रेसच्या जागी), कॉइफ, बूट, ढाल असे सहाही नग घातले की +६ होतात, आणि तोच पॉइंट ३.६ सेकंद टिकतो. ग्लोरीचा बोनस बाजूला ठेवला तर तुझे ४४ पॉइंट १३२ सेकंदांऐवजी १५८ सेकंद पुरतील. (मास्क घातलास तर कॉइफचा एक कमी धर.) फाइट केव्हमध्ये याचं मोल कळतं. तिथे जॅड या शेवटच्या राक्षसाचा फटका ९७ पर्यंत जातो आणि कवचाचा डिफेन्स फक्त फटका चुकण्याची शक्यता वाढवतो, लागलेला फटका कमी करत नाही. वाचवते ती प्रेयर.

बॅरोजला भावांशी लढायचं असतं. डी-हाइड घालून त्यांतल्या अहरिमला बोल्टने मार. तो जादूगार आहे आणि डी-हाइडचं बळ जादूविरुद्धच आहे. प्लेटबॉडीचा जादूविरुद्धचा आकडा उणे आहे, ती चूक तिथे फार महागात पडते. बाकीच्या मेली भावांना जादूने मारतात आणि करिलला जवळ जाऊन.

विजेचं: लढाई चालू असताना कनेक्शन तुटलं तर पात्र लगेच बाहेर पडत नाही, तिथेच उभं राहून मार खातं. तेवढा वेळ खाणं नाही, औषध नाही. डिफेन्सचे आकडे खऱ्या अर्थाने इथे उपयोगी पडतात, कारण कमी फटके लागले तर पात्र तग धरतं. तरी ढग दाटून आले असतील तर सेफस्पॉटवरचीच टास्क कर आणि हिटपॉइंट्स अर्ध्याखाली उतरू देऊ नकोस. वाय-फायचा राउटर छोट्या यूपीएसवर असेल तर मोबाइलवर खेळणाऱ्याला लाइट गेल्याचा फरकही पडत नाही.

---

छावणी_क्रॉसबो

एक राहिलं. वाइल्डरनेसमधली (जिथे दुसरे खेळाडूही मारू शकतात) टास्क मिळाली तर हा सगळा सेट बँकेत ठेव. तिथे मेल्यावर तीनच वस्तू राहतात, प्रोटेक्ट आयटम ही प्रेयर चालू असेल तर चार, आणि डोक्यावर स्कल (दुसऱ्या खेळाडूवर हल्ला केल्याची खूण) असेल तर त्या तीनही जातात. तिथे जाताना ग्रीन डी-हाइड, क्रॉसबो आणि थोडेच बोल्ट. म्हणून तुझे जुने ग्रीन चॅप्स आणि व्हॅम्ब्रेस विकू नकोस, त्याच कामाला येतील.